मोडीत निघालेली वाहने : भंगाराच्या आवारातील लोकसंपत्ती

तालुक्याच्या गावी बसस्थानकावरून बाहेर पडणाऱ्या रस्त्याने थोडे पुढे गेले की बहुधा गॅरेजांची ओळ लागते आणि ती ओळ संपता संपता पत्र्याचे कुंपण घातलेले एखादे आवार दिसते. आत दार निखळलेली मोटार, तोंड उघडे पडलेला टेंपो, चाके काढून विटांवर उभी केलेली जीप आणि एकावर एक रचलेले टायर असा पसारा असतो. एखाद्या जीपच्या दारावर उडालेल्या रंगाखालून सरकारी कार्यालयाचे नावही वाचता येते. जाणारायेणारा तेथे क्षणभरही थांबत नाही. भंगार म्हणजे निरुपयोगी वस्तू, अशी सर्वसाधारण समजूत आहे.

ही समजूत दोन्ही बाजूंनी चुकीची आहे. मोडीत निघालेल्या वाहनात पोलाद, ॲल्युमिनियम, तांबे आणि शिसे यांसारखी मौल्यवान द्रव्ये असतात. ती नीट काढली तर पुन्हा उपयोगात येतात. त्याच वाहनात आम्ल, जळके तेल आणि विषारी धातूही असतात. ते बेफिकिरीने काढले तर काम करणाऱ्याच्या शरीरात आणि गावाच्या पाण्यात जातात. याखेरीज वाहन ही कायद्याने नोंदलेली मालमत्ता असते. ते मोडले म्हणजे मालकाची जबाबदारी संपली, असे होत नाही. जुन्या वाहनांचा प्रश्न केवळ भंगार व्यापाऱ्यांचा नसून तो कार्यालयप्रमुखांचा, ग्रामपंचायतींचा आणि शाळांचाही आहे. त्याचा पद्धतशीर परिचय करून देणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

आवाराचे वाचन

जाणत्या नजरेने पाहिले तर असे आवार म्हणजे देशाच्या वाहन उद्योगाचा उघडा पडलेला इतिहासच होय. महाराष्ट्राच्या दृष्टीने त्यातील महत्त्वाचे पान प्रीमियर पद्मिनीचे आहे. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापन केली. तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यात इटलीच्या फियाट कंपनीच्या आराखड्यावरून मोटारी तयार होऊ लागल्या. १९६४ पासून निघालेले फियाट ११०० डिलाइट हे मॉडेल पुढे पद्मिनी या नावाने घरोघर माहीत झाले आणि मुंबईची काळीपिवळी टॅक्सी म्हणून त्याने अनेक दशके सेवा केली. मुंबईत टॅक्सीच्या वयाची मर्यादा २० वर्षे आहे. ताडदेवच्या परिवहन कार्यालयात २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदलेल्या शेवटच्या पद्मिनी टॅक्सीची मुदत २०२३ च्या ऑक्टोबरअखेर संपली आणि ती परंपरा थांबली. ज्या कुर्ल्यात ही मोटार तयार झाली, त्याच कुर्ल्याच्या भंगार बाजारात तिचे सुटे भाग शोधत मिस्त्री येत असत. दिल्लीतील मायापुरी आणि चेन्नईतील पुदुपेट हेही याच व्यवसायाचे प्रसिद्ध बाजार होत.

पद्मिनी, अँबॅसडर आणि मारुती ८०० या तीन मोटारी शेजारी शेजारी ठेवल्या की तंत्रज्ञानातील स्थित्यंतर डोळ्यांना दिसते. अँबॅसडर ही पन्नाशीच्या दशकाच्या अखेरीपासून २०१४ पर्यंत पश्चिम बंगालमधील उत्तरपाडा येथे तयार होत होती. या दोन्ही जुन्या मोटारींत इंजिन पुढे आणि चाकांना मिळणारी ओढ मागे, अशी रचना होती. इंजिनाची शक्ती मागच्या चाकांपर्यंत नेण्यासाठी तळाशी लांब दांडा आणि मागील आसावर गोळ्यासारखा दिसणारा डिफरन्शिअल असे. मागचा भार पोलादी पाट्यांच्या स्प्रिंगांवर पेललेला असे. डिसेंबर १९८३ मध्ये रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० मध्ये तीन सिलिंडरांचे ७९६ घनसेंटिमीटरचे छोटे इंजिन आडवे बसवून पुढचीच चाके फिरवली गेली. लांब दांडा गेला, वजन घटले आणि इंधनाची बचत झाली.

पुढचा बदल इंजिनाच्या वरच्या बाजूला दिसतो. जुन्या इंजिनावर पेट्रोल आणि हवा यांचे मिश्रण करणारा कार्बोरेटर असतो. १ एप्रिल २००० पासून देशभर धूर उत्सर्जनाचे नवे निकष लागू झाले आणि ते उत्तरोत्तर कडक होत जाऊन १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहापर्यंत पोहोचले. या काळात मोटारींतील कार्बोरेटर मागे पडला आणि त्याच्या जागी संगणकाच्या आज्ञेने इंधनाचा फवारा सोडणारी यंत्रणा आली. धूर शुद्ध करणारा उत्प्रेरक डबा नव्या पेट्रोल मोटारींना १९९५ मध्ये प्रथम चार महानगरांत सक्तीचा झाला. या डब्यात प्लॅटिनम, पॅलेडियम आणि ऱ्होडियम या अतिमौल्यवान धातूंचा पातळ थर असतो. ओळख नसल्यामुळे तो साध्या पत्र्याच्या भावाने विकला जाण्याची शक्यता असते.

वाहन कोठे वापरले गेले, हेही त्याच्या अंगावरून ओळखता येते. कोकणातील मोटारीचा तळ आणि दारांच्या खालच्या कडा खाऱ्या, दमट हवेने गंजून जाळीदार होतात. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत पत्रा अधिक टिकतो; मात्र उन्हाने रंग फिका पडतो आणि दारांच्या रबरी पट्ट्यांना तडे जातात.

क्रमांक हीच वाहनाची खरी ओळख

नंबरपाटी सहज बदलता येते. वाहनाची खरी ओळख चासी क्रमांकात आणि इंजिन क्रमांकात असते. हे दोन्ही क्रमांक नोंदणी प्रमाणपत्रात लिहिलेले असतात. आधुनिक वाहनांचा चासी क्रमांक १७ चिन्हांचा असतो. त्यातील पहिल्या तीन चिन्हांवरून निर्माता कळतो. एक आणि शून्य या अंकांशी गोंधळ होऊ नये म्हणून आय, ओ आणि क्यू ही रोमन अक्षरे त्यात वापरली जात नाहीत. क्रमांक कोरलेल्या जागेवर कागद ठेवून पेन्सिल घासली की त्याचा ठसा उमटतो. परिवहन कार्यालयात असा ठसा घेण्याची पद्धत सुपरिचित आहे.

हा तपशील केवळ तांत्रिक नाही. एखादे वाहन कागदपत्रांशिवाय भंगारात गेले आणि त्याचा क्रमांक कोरलेला तुकडा शाबूत राहिला, तर तो चोरीच्या दुसऱ्या वाहनाला जोडला जाऊ शकतो. जुन्या मालकाच्या नावावर मग नवे वाहन धावू लागते. त्या वाहनाने अपघात केला किंवा ते गुन्ह्यात वापरले गेले, तर पोलिसांचा तपास प्रथम नोंदणीवरील मालकाच्या दारी येतो. काही हजार रुपये रोख घेऊन जीप देऊन टाकणाऱ्या शेतकऱ्याला किंवा संस्थेला ही जोखीम बहुधा ठाऊक नसते.

एका मोटारीत काय काय असते?

मोटारीच्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग लोखंड व पोलाद यांचा असतो. मारुती ८०० या मोटारीचे वजन सुमारे ६५० किलो धरले, तर तिच्यात चारशे किलोंहून अधिक लोखंड-पोलाद मिळते. एक टन भंगार पोलादाचा पुनर्वापर केला असता सुमारे १.४ टन लोहखनिज आणि ७४० किलो कोळसा वाचतो, असे पोलाद उद्योगातील जागतिक संघटनेचे गणित आहे. त्या हिशोबाने एक लहान मोटार नीट मोडली तरी सहाशे किलोंच्या आसपास खनिज आणि तीनशे किलोंहून अधिक कोळसा जमिनीतच राहतो. जालना येथील कारखाने भंगार वितळवून बांधकामाच्या सळया तयार करतात. मोडलेल्या मोटारीचे पोलाद अशा रीतीने पुन्हा एखाद्या घराच्या छतात जाऊन बसू शकते.

इंजिनाचे काही भाग, गिअरबॉक्सचे कवच आणि काही चाके ॲल्युमिनियमची असतात. खनिजापासून नवे ॲल्युमिनियम तयार करण्यास जितकी ऊर्जा लागते, तिच्या सुमारे ५ टक्के ऊर्जेत जुने ॲल्युमिनियम वितळवून पुन्हा वापरता येते. तारांच्या जुडग्यांत, स्टार्टरमध्ये आणि डायनामोत तांबे असते. हे तांबे वेगळे काढण्याला दुहेरी महत्त्व आहे. त्याला चांगला भाव तर येतोच. शिवाय ते पोलादाबरोबर भट्टीत गेले तर वितळलेल्या रसातून व्यवहारात परत काढता येत नाही. त्याचे प्रमाण वाढल्यास तप्त पोलाद लाटताना पृष्ठभागाला भेगा पडतात. आवारात बसून तारा सोडवणाऱ्या कामगाराच्या कौशल्यावर पुढे तयार होणाऱ्या सळईची प्रत काही अंशी अवलंबून असते, ही गोष्ट फारशी कोणाच्या ध्यानात येत नाही.

धोका कोठे आहे?

सर्वांत मोठा धोका बॅटरीत असतो. मोटारीच्या नेहमीच्या बॅटरीत शिशाच्या पट्ट्या आणि सौम्य गंधकाम्ल असते. तिच्या वजनातील बहुतांश भाग शिशाचा असतो. बॅटरी कुऱ्हाडीने फोडून आम्ल मातीत ओतणे आणि शिसे उघड्या चुलीवर वितळवणे ही अत्यंत घातक पद्धत आहे. शिशाची वाफ आणि धूळ श्वासावाटे शरीरात जाते, कपड्यांना चिकटून घरी येते आणि रांगणाऱ्या मुलांपर्यंत पोहोचते. मुलांच्या मेंदूच्या वाढीवर शिशाचा दुष्परिणाम होतो आणि शरीरातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने स्पष्ट केले आहे. म्हणूनच हा धोका आवाराच्या कुंपणापाशी थांबत नाही.

इंजिनाचे जळके तेल, ब्रेकचे तेल आणि रेडिएटरमधील रासायनिक द्रव जमिनीत मुरले तर विहिरीचे पाणी दूषित होऊ शकते. जुन्या वाहनांच्या ब्रेकच्या व क्लचच्या अस्तरात ॲस्बेस्टॉस असण्याचा संभव असतो. त्याचे सूक्ष्म तंतू फुप्फुसांना गंभीर इजा करतात. म्हणून असे भाग हवेच्या झोताने झटकू नयेत. वातानुकूलन यंत्रातील वायू हवेत सोडणेही हानिकारक आहे. जुन्या यंत्रातील वायू ओझोनच्या थराला मारक होता. त्याच्या जागी आलेला वायू ओझोनला मारक नसला, तरी वातावरण तापवण्यात तो कार्बन डायऑक्साइडच्या हजाराहून अधिक पट प्रभावी आहे.

अलीकडच्या मोटारींमुळे धोक्याचे स्वरूप बदलत आहे. १ जुलै २०१९ पासून नव्या मोटारींत चालकासाठी हवापिशवी सक्तीची झाली. ही पिशवी स्फोटक द्रव्याच्या साहाय्याने क्षणार्धात फुगते. न फुगलेली पिशवी असलेल्या मोटारीवर गॅस कटर चालवला तर कामगाराला गंभीर इजा होऊ शकते. विजेवर चालणाऱ्या मोटारींतील उच्च दाबाच्या बॅटऱ्या आणि नारिंगी आवरणाच्या जाड तारा प्रशिक्षणाशिवाय हाताळणे प्राणघातक ठरू शकते. केवळ अनुभवावर चालत आलेला हा व्यवसाय यापुढे प्रशिक्षणाविना सुरक्षित राहणार नाही.

भंगारात काय आले आहे हे न ओळखल्यास केवढा अनर्थ होतो, याचे उदाहरण मायापुरीच्या बाजारात एप्रिल २०१० मध्ये घडले. एका शैक्षणिक संस्थेने लिलावात काढलेले जुने प्रयोगशाळा-उपकरण तेथे मोडले गेले. त्यात कोबाल्ट ६० हे किरणोत्सर्गी द्रव्य होते. एकाचा मृत्यू झाला आणि अनेक जण जखमी झाले. ते उपकरण मोटारीचे नव्हते. परंतु कार्यालयाने वस्तू विकताना तिच्यात काय आहे ते तपासलेच पाहिजे, हा त्यातील धडा वाहनांनाही तितकाच लागू पडतो.

ग्रामीण भागात आणखी दोन धोके नित्याचे आहेत. उघड्यावर पडलेल्या टायरांत पावसाचे पाणी साचते आणि डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासांची पैदास होते. अंडे ते डास हा प्रवास साधारण आठवडा ते दहा दिवसांत पूर्ण होतो. म्हणून आठवड्यातून एक कोरडा दिवस पाळताना या टायरांकडेही लक्ष पुरवावे लागते. दुसरा धोका मुलांचा. बंद पडलेली मोटार हे मुलांना खेळण्याचे घर वाटते. आत शिरलेल्या मुलाला दार उघडता आले नाही तर उन्हात मोटारीतील तापमान झपाट्याने वाढते आणि थोड्या वेळात जीव धोक्यात येतो. शाळेजवळ किंवा वस्तीत पडून राहिलेल्या वाहनाची दारे एक तर काढून टाकावीत, नाही तर पक्की बंद करावीत.

सुटे करण्याचा क्रम

शास्त्रीय पद्धतीने वाहन मोडताना प्रथम त्यातील धोका काढला जातो आणि नंतर धातू. हा क्रम पुढीलप्रमाणे असतो.

१. कागदपत्रे आणि चासी व इंजिन क्रमांक यांची पडताळणी.
२. बॅटरी सोडवून आम्लरोधक, छप्पर असलेल्या जागी ठेवणे.
३. हवापिशव्या निकामी करणे. गॅसवर चालणारे वाहन असल्यास टाकी सुरक्षितपणे रिकामी करणे.
४. इंधन, तेले, रेडिएटरमधील द्रव आणि वातानुकूलन यंत्रातील वायू वेगवेगळ्या भांड्यांत काढून घेणे. हे काम पक्क्या, द्रव न झिरपणाऱ्या फरशीवर व्हावे लागते.
५. टायर, काचा, उत्प्रेरक डबा, तारा आणि विद्युत भाग वेगळे करणे.
६. पुन्हा वापरण्याजोगे सुटे भाग तपासून बाजूला ठेवणे.
७. सांगाडा कापून किंवा दाबून पोलाद भट्टीकडे पाठवणे.

या क्रमातील पहिल्या चार पायऱ्या वगळून थेट सातव्या पायरीला हात घातला जातो, तेव्हाच आग, स्फोट आणि प्रदूषण घडते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५५ नुसार वाहन नष्ट झाले किंवा कायमचे वापरण्यास अयोग्य झाले, तर मालकाने १४ दिवसांच्या आत किंवा त्यानंतर शक्य तितक्या लवकर नोंदणी प्राधिकाऱ्याला कळवून नोंदणी प्रमाणपत्र सादर करणे आवश्यक आहे. ही तरतूद जुनी आहे. पण तिचे पालन क्वचितच होते.

वाहने मोडण्याच्या व्यवसायाला स्वतंत्र नियमांची चौकट सप्टेंबर २०२१ मध्ये मिळाली. या नियमांनुसार नोंदणीकृत वाहन मोडणी केंद्रांची व्यवस्था करण्यात आली. वाहन चोरीचे नाही आणि त्याच्यावर कर्जाचा बोजा वा अन्य अडथळा नाही, याची पडताळणी झाल्यावर केंद्र मालकाला वाहन जमा केल्याचे प्रमाणपत्र देते. मोडणी पूर्ण झाल्यावर वाहन मोडल्याचे दुसरे प्रमाणपत्र दिले जाते. चासी क्रमांक कोरलेला तुकडा त्यानंतर सहा महिने जपून ठेवणे केंद्रावर बंधनकारक आहे. जमा प्रमाणपत्राच्या आधारे नवीन वाहन घेताना मोटार वाहन करात खासगी वाहनाला २५ टक्क्यांपर्यंत आणि परिवहन वाहनाला १५ टक्क्यांपर्यंत सवलत देण्याची तरतूद केंद्रीय नियमांत आहे. आपल्या राज्यात लागू असलेला नेमका दर प्रादेशिक परिवहन कार्यालयात विचारून घ्यावा.

येथे एक गैरसमज दूर करणे इष्ट ठरेल. पंधरा वर्षे झाली म्हणजे प्रत्येक खासगी मोटार मोडीत काढावीच लागते, असा सर्वसाधारण नियम नाही. वाहन योग्य स्थितीत असल्यास नोंदणीचे एका वेळी पाच वर्षांसाठी नूतनीकरण करता येते. दिल्ली व परिसराची स्थिती न्यायालयीन आदेशांमुळे वेगळी राहिली आहे.

शासकीय वाहनांबाबत मात्र नियम निराळा आणि निश्चित आहे. जानेवारी २०२३ मध्ये केंद्रीय मोटार वाहन नियमांत समाविष्ट झालेल्या नियम ५२ अ अन्वये १ एप्रिल २०२३ पासून केंद्र व राज्य शासन, नगरपालिका, पंचायती, राज्य परिवहन उपक्रम आणि सार्वजनिक उपक्रम यांच्या मालकीच्या वाहनांची नोंदणी १५ वर्षांनंतर नूतनीकृत होत नाही. संरक्षण, कायदा व सुव्यवस्था आणि अंतर्गत सुरक्षा यांसाठीची विशेष वाहने याला अपवाद आहेत. पंचायतींचा उल्लेख नियमातच असल्यामुळे आपले वाहन छोट्या संस्थेचे आहे, अशी सबब सांगता येत नाही. मुदत संपलेले वाहन रस्त्यावर आणणे म्हणजे नोंदणी नसलेले वाहन चालवणे होय. अशा वाहनाला अपघात झाल्यास विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो आणि भरपाईचा भार संस्थेवर पडू शकतो.

१ एप्रिल २०२५ पासून आयुर्मान संपलेल्या वाहनांसंबंधीचे पर्यावरण संरक्षण नियम अमलात आले आहेत. मोडलेल्या वाहनांतून ठराविक प्रमाणात पोलाद परत मिळवण्याची जबाबदारी त्यांनी वाहन उत्पादकांवर टाकली आहे. वाहन निकामी ठरल्यानंतर १८० दिवसांच्या आत ते जमा करण्याची अपेक्षा मालकाकडूनही केलेली आहे. शेतीचे ट्रॅक्टर, ट्रेलर, मळणी-कापणी यंत्रे व पॉवर टिलर यांना या नियमांतून वगळण्यात आले आहे. बॅटऱ्या, टायर आणि जळके तेल यांना त्यांचे स्वतंत्र नियम लागू आहेत.

कार्यालयांच्या आवारातील वाहने

पंचायत समितीच्या मागील बाजूस झाडाखाली उभी असलेली जीप किंवा आरोग्य केंद्राच्या भिंतीलगत गंजणारी रुग्णवाहिका हे दृश्य अपरिचित नाही. असे वाहन कोणीच वापरत नाही आणि कोणी हलवतही नाही. जडसंग्रह नोंदवहीत ते जिवंत असते. प्रभार देणारा अधिकारी ते कागदावर देतो आणि घेणारा ते कागदावर घेतो. दर पावसाळ्यात त्याची किंमत घटते. बॅटरी, स्टेपनी आणि कार्बोरेटर एकेक करून नाहीसे होतात आणि अखेर हिशोब तपासणीच्या वेळी त्यांचे उत्तर ज्याला द्यावे लागते, त्याने ते वाहन कधी चालताना पाहिलेलेही नसते.

हे टाळण्यासाठी पुढील कार्यपद्धती उपयुक्त ठरेल.

पहिली गोष्ट म्हणजे वर्षातून एकदा संस्थेच्या सर्व वाहनांची प्रत्यक्ष मोजदाद करून नोंदवही, नोंदणी प्रमाणपत्र आणि वाहनावरील चासी क्रमांक यांचा मेळ घालावा. ज्या वाहनाला १५ वर्षे पूर्ण होण्यास एक वर्ष उरले असेल, त्याची स्वतंत्र यादी करावी, म्हणजे पर्यायी वाहनाची तरतूद वेळेवर अंदाजपत्रकात करता येते. दुसरे, निकामी वाहनाचा तांत्रिक अहवाल घेऊन निर्लेखनाचा प्रस्ताव सक्षम प्राधिकाऱ्याकडे पाठवावा आणि त्या दिवशी वाहनात कोणकोणते भाग आहेत त्याची यादी व छायाचित्रे प्रस्तावासोबत ठेवावीत. तिसरे, मंजुरीनंतर विहित लिलाव पद्धतीने वाहन नोंदणीकृत मोडणी केंद्राकडेच जाईल, याची खात्री करावी. चौथे, संस्थेचे नाव व चिन्हे पुसून, जमा प्रमाणपत्र घेतल्यानंतरच वाहन आवाराबाहेर सोडावे. पाचवे, वाहन मोडल्याचे प्रमाणपत्र मिळताच नोंदणी रद्द करून घ्यावी, आलेली रक्कम निधीत जमा करावी आणि नोंदवहीतील नोंद प्रमाणपत्राच्या क्रमांकासह बंद करावी. पंचायतीने ही माहिती सभेपुढे ठेवल्यास संशयाला जागा राहत नाही.

पोलीस ठाण्यांच्या आवारात पडून राहिलेल्या जप्त वाहनांचा प्रश्न वेगळा असला तरी त्यालाही मार्ग आहे. सुंदरभाई अंबालाल देसाई विरुद्ध गुजरात राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १ ऑक्टोबर २००२ रोजी स्पष्ट केले की, जप्त वाहने दीर्घकाळ ठाण्यात ठेवण्यात अर्थ नाही. छायाचित्रे व पंचनामा करून आणि योग्य ती हमी घेऊन ती सोडता येतात आणि कोणी हक्क न सांगितल्यास लिलाव करता येतो. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्येही छायाचित्रण किंवा चित्रफीत करून मालमत्तेची विल्हेवाट लावण्याची तरतूद आहे. वाहनाच्या मालकाने न्यायालयात वेळीच अर्ज केला तर वाहन गंजण्यापूर्वी हाती येऊ शकते, ही माहिती गावपातळीवर पोहोचणे आवश्यक आहे.

शाळेसाठी पाठ

मोडलेल्या वाहनाइतके समृद्ध आणि स्वस्त शैक्षणिक साहित्य क्वचितच मिळेल. मात्र विद्यार्थ्यांना चालू आवारात, कटर आणि घण चालू असताना नेऊ नये. शिक्षकाने स्वच्छ धुतलेले, धार नसलेले भाग शाळेत आणावेत. बॅटरी, ब्रेकचे अस्तर, हवापिशवी आणि उत्प्रेरक डबा या वस्तू वर्गात आणू नयेत.

लहान वर्गांसाठी लोहचुंबकाचा प्रयोग पुरेसा आहे. पोलादी पाटा चुंबकाला चिकटतो. ॲल्युमिनियमचे कवच आणि तांब्याची तार चिकटत नाही. धातूंची वर्गवारी भंगार व्यापारीही अशीच करतो, हे कळल्यावर विज्ञानाचा आणि व्यवहाराचा संबंध मुलांच्या ध्यानात येतो. गंजण्याची क्रिया दाखवण्यासाठी चार खिळे चार बाटल्यांत ठेवावेत : एक कोरड्या हवेत, एक साध्या पाण्यात, एक मिठाच्या पाण्यात आणि एक उकळून थंड केलेल्या पाण्यात वर तेलाचा थर देऊन. आठवड्यानंतरच्या निरीक्षणातून गंजायला पाणी आणि प्राणवायू दोन्ही लागतात व मीठ त्याला वेग देते, हे मुले स्वतःच सांगतील.

वरच्या वर्गात दातेरी चक्रांवरून गुणोत्तर शिकवता येते. १० दात्यांचे चक्र ४० दात्यांच्या चक्राला फिरवत असेल, तर लहान चक्राच्या चार फेऱ्यांत मोठ्याची एक फेरी होते. गती घटते आणि जोर वाढतो. चढावर पहिला गिअर का टाकावा लागतो, याचे उत्तर यातच आहे. मोटारीच्या बॅटरीत प्रत्येकी सुमारे २ व्होल्टचे सहा घट असतात आणि त्यांची एकसर जोडणी केल्यामुळे १२ व्होल्ट मिळतात, हे आकृती काढून सांगता येते.

पाठाचा शेवट गावात व्हावा. विद्यार्थ्यांनी शिक्षकांसमवेत गावात पडून असलेली वाहने आणि उघड्यावरचे टायर मोजावेत, पाणी साचणाऱ्या जागांची नोंद करावी आणि तो तक्ता ग्रामपंचायतीला सादर करावा. ग्रामपंचायतीने त्यावर केलेली कार्यवाही पुढच्या सत्रात वर्गात वाचून दाखवावी.

समारोप

भंगार व्यवसायातील कामगार पिढ्यान् पिढ्या पुनर्वापराचे काम करीत आला आहे. कोणत्या मोटारीचा कोणता भाग दुसऱ्या कोणत्या मोटारीला बसतो, हे ज्ञान त्याने पुस्तकाविना मिळवले आहे. नव्या नियमांमुळे हे कामगार बाहेर फेकले जाता कामा नयेत. हातमोजे, पक्की फरशी, प्रशिक्षण आणि वैद्यकीय तपासणी या गोष्टींसह त्यांना नोंदणीकृत व्यवस्थेत सामावून घेतले, तरच हे नियम प्रत्यक्षात उतरतील. स्थानिक संस्थांनी आपल्या हद्दीतील आवारांची पाहणी करताना दंडाच्या पावतीपूर्वी माहितीपत्रक हाती द्यावे, हे अधिक श्रेयस्कर होय.

रस्त्याकडेला विटांवर उभी असलेली जीप कोणाच्या तरी नावावर नोंदलेली असते. ती खासगी असेल तर एका कुटुंबाची जबाबदारी असते. सरकारी असेल तर साऱ्या गावाच्या पैशातून घेतलेली असते. वेळेवर निर्लेखन, नोंदणीकृत केंद्रात मोडणी आणि दोन प्रमाणपत्रे एवढ्या साध्या उपायांनी तिच्यातील धातू देशाच्या उपयोगी पडतो, विहिरीचे पाणी शुद्ध राहते आणि जबाबदार अधिकाऱ्याची नोंदवही स्वच्छ राहते. येत्या आर्थिक वर्षाच्या आरंभी प्रत्येक कार्यालयाने आपल्या आवारातील एका तरी बंद वाहनाचा निकाल लावण्यास सुरुवात केली, तर या कामाला योग्य ती चालना मिळेल.